जुनी बुलेट ट्रायल्ससाठी : कापाकापी न करता कुठवर जाता येईल?

बाळकूमचा_गाळा

नमस्कार मंडळी. मोठ्या काकांची १९७१ ची बुलेट ३५० आता माझ्या नावावर झाली आहे. आरसी बुक शाबूत आहे, इंजिन जाम नाही, किकला कॉम्प्रेशन चांगलं लागतं. मडगार्ड गंजलेत, टाकीत आतून गंज आहे, सीट फाटलेली आहे आणि वायरिंग उंदरांनी खाल्लं आहे.

गाडी चकाचक करून दारात उभी करायची नाहीये. मला ती ट्रायल्ससाठी उभी करायची आहे. दगडधोंडे, ओढ्याची पात्रं, चिखलाचे चढ यांवरून हळूहळू, पाय न टेकता नेण्यासाठी. परदेशात जुन्या गाड्यांच्या ट्रायल्सना अजून मोठी गर्दी असते आणि त्यात बुलेट मानाने उतरते. आपल्याकडे बुलेट गल्लोगल्ली असताना हे कुणी करताना दिसत नाही.

एकच अट घालून घेतली आहे : जे काम परत फिरवता येत नाही, ते करायचं नाही. फ्रेमला कटर लावायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, मूळ भागांना नवी भोकं पाडायची नाहीत. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात जाईल. उद्या कुणाला गाडी मूळ रूपात हवी असेल, तर पान्यांनीच ती परत उभी राहिली पाहिजे.

या अटीत राहून कुठवर मजल मारता येईल? सुरुवात कुठून करू?

कळवा_पूल

ट्रायल्स म्हणजे मोटोक्रॉससारखंच ना? उड्या, शर्यत वगैरे?

ऐरोली_सेक्टर_आठ

नाही, अगदी वेगळा खेळ आहे. मोटोक्रॉस घड्याळाविरुद्ध, ट्रायल्स स्वतःच्या तोलाविरुद्ध. ओढा, मुळं, ओले खडक अशा जागी दोऱ्या बांधून छोटे टप्पे आखतात. एकेका टप्प्यात एकच स्वार उतरतो आणि बाजूला निरीक्षक उभा असतो. पाय एकदा टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी थांबली, पडली किंवा दोरीबाहेर गेली तर पाच. शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. शून्यावर टप्पा काढणं हे खरं कसब.

म्हणून या गाडीला ताकद फार लागत नाही. माणूस चालतो त्या वेगालाही इंजिन न गचकता ओढत राहिलं पाहिजे. बुलेटचं जड फ्लायव्हील आणि लांब स्ट्रोक इथेच उपयोगी पडतात. ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ३४६ सीसी. फेरे अगदी खाली आले तरी ते इंजिन तग धरतं.

जुना_फिटर

वागळे इस्टेटमध्ये आयुष्य लेथ आणि फिटिंगमध्ये गेलं, बुलेटही पुष्कळ उघडल्या. या धाग्यावर लिहायलाच हवं.

बाळकूमकर, तू काही नवीन करत नाहीयेस, बुलेटला तिच्या मूळ कामावर परत नेतोयस. १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये रॉयल एन्फिल्डने नव्या बुलेटचे नमुने उतरवले. मागच्या चाकाला स्विंगआर्म (वर-खाली झुलणारा हात) आणि शॉकअप. तेव्हा ट्रायल्सवाल्यांचा पक्का समज होता की मागचं चाक ताठच हवं, स्प्रिंग आली की पकड गेली. बुलेटने तो समज मोडला. चाक जमिनीला धरून राहिलं तर पकड वाढते, हे हळूहळू सगळ्यांना मान्य करावं लागलं. त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमोच्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये ब्रिटिश संघातल्या बुलेटस्वारांनी सुवर्णपदकं घेतली. पुढे जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ अशी दोनदा स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल रॉयल एन्फिल्डवर जिंकली. ही स्पर्धा म्हणजे ट्रायल्सची पंढरी.

मग १९६५ साली सॅमी मिलरने हीच स्पर्धा बुल्टाको या हलक्या स्पॅनिश टू-स्ट्रोकवर मारली आणि जड फोर-स्ट्रोकचा काळ संपला. म्हणूनच जुन्या गाड्यांच्या वर्गाला तिकडे 'प्री-६५' म्हणतात.

आपल्याकडे लष्करासाठी बुलेट आली आणि १९५५ ला मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. तुझी गाडी १९७१ ची असली तरी तिचा आराखडा त्याच काळातला आहे. रक्त तेच आहे, राजा. कापू नकोस.

तेल_पाणी

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. बुलेट दीडशे किलोच्या वर. सॅमी मिलरची बुल्टाको शंभरच्या आसपास. तो मिलरसुद्धा आधीची त्याची एरियल ही ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाडी वर्षानुवर्षं छाटून छाटूनच हलकी करत होता. मागची फ्रेम छाटली, फूटरेस्टचे ब्रॅकेट कापून मागे-वर वेल्ड केले, मुख्य स्टँड काढला, तर गाडी खरंच चालवण्याजोगी होईल. नाहीतर खडकावर नुसती ढकलाढकली. १९७१ ची बुलेट काही दुर्मिळ नाही. वापरायची असेल तर वापरण्यासारखी करा.

पासिंगवाला

कागदाच्या बाजूने दोन मुद्दे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. फ्रेम कापलेली गाडी पासिंगला नेलीत तर तपासणीतच अडेल.

दुसरं, जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, फेरनोंदणी ५,००० रुपये. आधी पासिंग झालेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदवली तर 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच.

१९७१ ची गाडी वयात बसते. फ्रेम कापलीत की 'मूळ रूप' हा दावा कायमचा गेला. तेल_पाणी म्हणतात तशी गाडी हलकी होईल, पण हे दार बंद करून.

बाळकूमचा_गाळा

पासिंगवाला, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, मनापासून आभार.

तेल_पाणी, तुमचं वजनाचं म्हणणं बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण बोल्ट काढून जेवढं कमी होतं तेवढं तरी आधी करू : लेगगार्ड, सारीगार्ड, कॅरिअर, मुख्य स्टँड, दुहेरी सीट, लोखंडी टूलबॉक्स, मोठा सायलेन्सर. ते सगळं वजनकाट्यावर ठेवून इथे आकडा टाकेन. मिलरच्या हाती फॅक्टरी होती, तो आणखी एक एरियल आणू शकत होता. ही १९७१ ची चौकट एकदा कापली की संपली.

जुना_फिटर

कापू नकोस याला आणखी एक कारण आहे. बुलेटच्या इंजिनाखाली फ्रेमची नळी जातच नाही. पुढची नळी वरून येते आणि क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) पुढच्या प्लेटला बोल्टाने थांबते, तिथून मागे गिअरबॉक्सपर्यंत इंजिन स्वतःच फ्रेमचं काम करतं. त्यात कुठेही मनाने वेल्ड मारलास की सगळ्या भाराची वाट बदलते.

यातूनच तुझं पहिलं काम ठरतं. खाली नळी नाही, म्हणजे दगड थेट ॲल्युमिनियमच्या केसवर बसणार. त्याच केसच्या मागच्या भागात तेलाची टाकी ओतलेली आहे. एक धारदार दगड, आणि तेल ओढ्यात. म्हणून कार्ब्युरेटर, टायर, हँडल सगळं नंतर, आधी बॅशप्लेट, म्हणजे इंजिनाखालची संरक्षक प्लेट. चार-पाच मिमी ॲल्युमिनियमची, इंजिन प्लेटच्या मूळ बोल्टांनाच धरलेली, दोन्ही कडा वर वळवलेल्या आणि ड्रेन बोल्टांपुढे भोकं ठेवलेली, म्हणजे तेल बदलायला प्लेट उतरवावी लागणार नाही. वागळेत शीट बेंडिंगवाले बरेच आहेत. पुठ्ठ्याचा साचा करून ने, काम चांगलं होतं.

फूटरेस्टचंही तसंच. मूळ बोल्टांवर बसणारी जाड प्लेट करून फूटरेस्ट जरा मागे आणि वर घे. उभं राहून चालवताना वजन मागच्या चाकावर आलं पाहिजे. हँडल रुंद आणि उंच. सायलेन्सर उजवीकडूनच वर उचलावा लागेल, तेव्हा किकचा पूर्ण फेरा मोकळा राहतो का ते आधी बघ.

कळवा_पूल

आणि गिअरिंग? पहिला गिअर ट्रायल्ससाठी फार लांब नाही का पडणार?

जुना_फिटर

पडेल. मागचा स्प्रॉकेट ब्रेक ड्रमलाच आहे, त्याला हात लावायचा तर ड्रमच बदलावा लागेल. पुढचा बदलणं सोपं, पण तो क्लचच्या मागे लपलेला आहे : आधी प्रायमरी कव्हर (इंजिन ते क्लच साखळीवरचं झाकण), मग क्लच. आताचे दात मोज आणि एक-दोन दात कमी असलेला स्प्रॉकेट बसव. मूळ स्प्रॉकेट चिठ्ठी लावून खोक्यात.

प्रायमरी कव्हर मधल्या एकाच नटावर असतं. तेल गळतं म्हणून लोक तो नट आवळत सुटतात, कव्हर वाकतं आणि गळती वाढते. कडेचं रबर सील नवीन टाक, कव्हर काचेवर ठेवून सपाट आहे का बघ, मग नट बेतानेच आवळ.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्लो रनिंग. ट्रायल्सची बुलेट रस्त्याच्या बुलेटपेक्षा इथेच वेगळी होते.

अमल कार्ब्युरेटरची स्लाइड झिजली की बाजूने हवा शिरते, मग स्क्रू कितीही फिरव, आयडलिंग धरत नाही. स्लाइड बोटाने हलवून बघ, खडखडली तर आधी तिचा बंदोबस्त. फ्लँजचे दोन नट वर्षानुवर्षं जास्त आवळल्याने फ्लँज धनुष्यासारखा वाकलेला असतो, हे मी जवळजवळ प्रत्येक जुन्या बुलेटवर पाहिलं आहे. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, आठाच्या आकड्यात फिरवत तो सपाट कर.

पॉइंटची (स्पार्क पाडणाऱ्या संपर्काची) फट ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग पूर्ण रिटार्डवर, म्हणजे स्पार्क सर्वांत उशिरा असताना, पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ०.८ मिमी आधी. हे मोजण्याआधी ऑटो ॲडव्हान्सच्या (वेग वाढला की स्पार्क पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंग बघ. त्या सैल पडल्या असतील तर इंजिन हळू फिरतानाच स्पार्क पुढे सरकतो. मग किक उलटी मारते आणि खडकावर नेमक्या वेळी गाडी बंद पडते. लोक कार्ब्युरेटरला दोष देत बसतात आणि दोष असतो त्या दोन स्प्रिंगांत.

टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर लाव. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. यापेक्षा मोठं शास्त्र त्यात नाही.

बाळकूमचा_गाळा

काका, हे सगळं छापून गाळ्याच्या भिंतीवर लावतोय.

एक प्रश्न. महिनाभर गाडीला हात लावला नाही आणि मग किक मारली की सायलेन्सरमधून निळ्या धुराचा लोट येतो, दहा मिनिटांत थांबतो. पिस्टन रिंग गेल्या का? इथल्या एका मेकॅनिकने न उघडताच बोअर मारायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायला सांगितलं.

जुना_फिटर

धूर दहा मिनिटांत थांबतो ना, मग बोअर मारायची घाई करू नको. उभ्या गाडीत टाकीतलं तेल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं आणि सुरू झाल्यावर जळतं. जुन्या बुलेटचा हा स्वभावच. उभी ठेवून झाल्यावर आधी क्रँककेसचा ड्रेन बोल्ट उघडून किती तेल निघतं ते बघ. थोडं असेल तर तसंच चालू दे. भरपूर असेल तर पंप उघडून घासून बसवावा लागेल. रिंग गेल्या असत्या तर गाडी गरम झाल्यावरही धूर चालूच राहिला असता.

बोअर शेवटचा उपाय. सिलिंडरमधून एकदा लोखंड कापलं की ते परत येत नाही, तुझ्या अटीत तेही बसतं.

ऐरोली_सेक्टर_आठ

टाकी आणि पेट्रोलबद्दल, कारण माझ्या जुन्या येझदीवर हे सगळं केलं आहे.

गंजासाठी ॲसिड टाळ, टाकीच्या सांध्यांत ते अडकून राहतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी भर, टाकीला बॅटरी चार्जरची ऋण बाजू लाव, आत टाकीला न टेकणारी साध्या लोखंडाची सळई सोडून तिला धन बाजू. स्टेनलेस स्टीलची सळई अजिबात वापरू नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मीठही घालू नको. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर, ठिणगीपासून लांब. झाल्यावर धू, लगेच सुकव आणि आतून तेलाचा हात फिरव. आपल्याकडे खाडीची हवा आहे, उघडं लोखंड एका रात्रीत लाल होतं.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या कॉकची बुचं, रबरी नळ्या, टाकीच्या आतला जुना लेप या सगळ्यांना त्याचा त्रास. लाखेचा लेप असलेला बुचाचा फ्लोट असेल तर लाख इथेनॉलमध्ये विरघळते आणि फ्लोट जड होतो. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घे. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही रिकामी कर. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी तळाशी बसून टाकी पुन्हा गंजवतं.

जुने ब्रेक लायनर आणि क्लच प्लेट ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने हवा मारू नको, मास्क लाव आणि ओल्या फडक्याने पूस.

तेल_पाणी

टायरचं काय करणार? रस्त्याचा टायर ओल्या दगडावर पाच सेकंदही धरणार नाही.

ऐरोली_सेक्टर_आठ

मूळ १९ इंची रिम तशाच राहू द्या. सरावासाठी चौकोनी ठोकळ्यांचा मऊ टायर चालेल. खऱ्या ट्रायल्स टायरची जादू असते ती मऊ बाजूंत आणि कमी हवेत. तिथे हवा एक आकडी पीएसआयमध्ये असते आणि टायर दगडाला अक्षरशः बिलगतो. रस्त्याच्या कडक टायरमध्ये तेवढी कमी हवा ठेवलीत तर रिम वाकेल आणि टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटेल. तो सरकू नये म्हणून रिमलॉक असतो, पण त्याला रिममध्ये भोक पाडावं लागतं आणि इथे आपली अट आडवी येते. त्यावर उपाय म्हणजे दुसरी रिमजोडी घेऊन त्यात भोकं पाडायची आणि मूळ रिम जपून ठेवायच्या. आणि कमी हवेच्या टायरवर रस्त्याने जायचं नाही, टेम्पोत घालून न्यायची.

कळवा_पूल

चालवणार कुठे? येऊरला?

पासिंगवाला

येऊर नको. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथे अशी गाडी घालणं गुन्हा तर आहेच, आणि त्या जंगलाला आधीच पुरेसा त्रास आहे. खारघरच्या डोंगरावरही पायवाटांवर सकाळी माणसं चालत असतात. खासगी जागा, मालकाची परवानगी, एवढाच सरळ मार्ग.

बाळकूमचा_गाळा

मामांची मुरबाडला जागा आहे, आंब्याच्या बागेमागे पडीक खडकाळ उतार आणि पावसाळ्यात वाहणारी एक घळ. त्यांनी होकार दिला आहे, झाडांच्या मुळांना धक्का लागता कामा नये एवढं सांगून. ट्रायल्सचं हेच मला आवडतं, अंगणाएवढ्या जागेत दिवसभर सराव होतो. गाळ्याच्या मागे विटा आणि जुने लाकडी ओंडके मांडून आठच्या आकड्यात वळायचा सराव तर आतापासून करता येईल, इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलत सुद्धा. तसं ढकलून पाहिलं, त्यात हँडल दोन्ही बाजूंना किती फिरतं ते कळलं. सरळ ठेवल्यावर हँडल एका जागी अडकतंय.

जुना_फिटर

हँडलच्या वाट्यांत गोळ्यांचे खड्डे पडलेत. वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर चालून गोळ्यांनी एकाच जागी ठाण मांडलं की असं होतं. रस्त्यावर ते चालून जातं, पण ट्रायल्समध्ये मधोमध अडकणारं हँडल म्हणजे तोल गेलाच. वाट्या, त्यांत बसणारे कोन (शंकू) आणि गोळ्या तिन्ही नवीन टाक. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गोळ्या सुट्या मिळतील, सगळ्या एकाच मापाच्या आणि एकाच खोक्यातल्या घे. ग्रीस भरून आवळताना हँडल स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे, पण पुढे-मागे हलवल्यावर खट आवाज यायला नको.

तेल_पाणी

मी माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही, पण सुट्या बोल्टांवर हे सगळं होत असेल तर मलाही पाहायचं आहे. बॅशप्लेटसाठी पाच मिमीचा एक तुकडा माझ्याकडे रबाळेच्या शेडमध्ये पडून आहे. घेऊन जा, पैसे नकोत. वजनाचा आकडा मात्र नक्की टाका.

बाळकूमचा_गाळा

दादा, शनिवारी येतो. साचा घेऊनच येतो.

काका, रविवारी टाइमिंग कव्हर उघडणार आहे, तेलाचा पंप बघायला. काय सांभाळू?

जुना_फिटर

पाने इंचीच वापर. त्या काळच्या नटांवर मिलिमीटरचे पाने लावले की कोपरे गोल होतात. कव्हरमधून क्रँकच्या टोकाला तेल देणारं छोटं सील असतं, ते बसवताना नवीनच बसव. ते गेलं की बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला) तेल पोचत नाही आणि बाहेरून काहीच कळत नाही. कव्हर लावताना पॅकिंगच्या तेलाच्या वाटा मोकळ्या आहेत ना बघ. परत भरून सुरू केल्यावर टाकीचं झाकण उघडून तेल परत येतंय याची खात्री कर, ते दिसेपर्यंत ॲक्सिलेटर पिळू नको.

आणि पंप फिरवणारा क्रँकच्या टोकावरचा वर्म नट उलट्या आट्यांचा आहे. सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरव.